साक्षीची बरणी

मित्रांनो, मी एक जुनी काचेची बरणी आहे. एवढं ऐकून तोंडाला पाणी सुटू देऊ नका. माझ्यात कधी साखर भरली गेली नाही, खाऊ तर नाहीच नाही. कामाच्या सगळ्या वर्षांत मी फक्त स्वच्छ पाणी सांभाळलं. त्या पाण्यात काहीही घडू नये, एवढंच माझं काम होतं. ऐकायला सोपं वाटतं ना? मलाही वाटायचं. इतक्या वर्षांत ते माझ्या हातून एकदाच चुकलं. बरणीला हात नसतात हे मला ठाऊक आहे, पण बोलायची रीत आहे म्हणून म्हणते. त्या एका चुकीची ही हकिकत आहे.

माझा जन्म भट्टीजवळ झाला. लाल, मऊ काच साच्यात ओतली, वारा भरला, आणि बाहेर आले ती मी. एका पेल्याएवढं पाणी माझ्यात मावतं. पण माझ्या बुडाशी मोहरीएवढा एक बुडबुडा राहिला होता. तपासणीवाल्याने मला उजेडात धरलं, नाक मुरडलं आणि नाकारलेल्या मालाच्या खोक्यात टाकलं. पुढे दोन डझनांचा एक खोका भरताना एक बरणी कमी पडली. बांधणाऱ्याला जेवायला जायची घाई होती, त्याने इकडेतिकडे पाहिलं आणि मला हळूच कोंबलं. अशी मी मागच्या दाराने कामाला लागले.

खोका पोचला तो सांडपाणी शुद्ध करणाऱ्या एका केंद्रात. आसपासच्या वस्तीचं आणि दोन मोठ्या दवाखान्यांचं पाणी तिथे येई. मोठमोठे गोल हौद, त्यांत गरगर फिरणारे लोखंडी हात, आणि कोपऱ्यात दोन खोल्यांची प्रयोगशाळा. त्या प्रयोगशाळेत एक बाई काम करायच्या. सगळे त्यांना पिसूबाई म्हणत, त्यांच्या तोंडावरसुद्धा, आणि त्या रागवत नसत. कारण त्यांनी पाणपिसवा पाळल्या होत्या. पाणपिसू म्हणजे टाचणीच्या डोक्याएवढा जीव. पाण्यात टुणटुण उड्या मारत पोहतो. अंग इतकं पारदर्शक, की भिंगातून पाहिलं तर त्याचं धडधडणारं काळीज दिसतं.

आता तुम्ही विचाराल, पिसवा कशाला पाळायच्या? सांगते. माणूस गोळी घेतो. गोळी पोटात जाते, आपलं काम करते, पण बरीचशी तशीच बाहेर पडते आणि गटारातून हौदात येते. हौदातले जंतू बाकीची घाण खातात, औषधाला मात्र तोंड लावत नाहीत. ते पाणी दिसायला नितळ, वासाला बरं, आणि तरीही त्यात काहीतरी उरलेलं. ते उरलेलं जिवाला बाधतं का, हे पिसूला विचारायचं. तपासायच्या पाण्यात वीस पिल्लं सोडायची, एका दिवसाच्या आतली. दोन दिवसांनी बरणीला हलकीच टिचकी मारायची आणि मनात पंधरा अंक मोजायचे. तेवढ्या वेळात जी हलली ती वाचली. जी हलली नाही ती गेली.

आणि अशा प्रत्येक चाचणीत एक बरणी साध्या, चांगल्या पाण्याची ठेवतात. तिच्यातही वीस पिल्लं. ती सगळी जगली, तर बाकीच्या बरण्यांचं म्हणणं खरं मानायचं. तिच्यातच दोनांहून जास्त मेली, तर पिसवा अशक्त होत्या किंवा बरणी अस्वच्छ होती असं समजून अख्खी चाचणी रद्द करायची. पिसूबाई तिला साक्षीची बरणी म्हणत. ती बरणी म्हणजे मी.

ही नेमणूक मला बुडबुड्यामुळे मिळाली. पहिल्याच दिवशी पिसूबाईंनी माझ्यातली पिल्लं मोजली ती एकवीस भरली. पुन्हा मोजली, पुन्हा एकवीस. एक काही केल्या हलेना. तिसऱ्यांदा त्यांनी भिंग लावलं आणि एकट्याच खो खो हसत सुटल्या. "अगं, तू तर मला वेड्यात काढलंस!" असं मला म्हणाल्या. चोवीस सारख्या बरण्यांत चटकन ओळखू येणारी मी एकटीच, म्हणून साक्षीचा मान माझ्याकडे आला. नाकारलेल्या मालाला असा मान मिळाला, तर थोडी ऐट येणारच. मलाही आली.

आम्हा बरण्यांना धुण्याचं काम एका मावशींकडे होतं. धुणं म्हणजे नुसतं विसळणं नव्हे. आधी ब्रश, मग आम्लाचं पाणी, मग शुद्ध पाण्याने सात वेळा खंगाळणं. सातव्यांदा खंगाळलं की मावशी बरणी खिडकीशी धरत, एक डोळा मिटत आणि उजेडात फिरवून बघत. कुठे डाग दिसला की पुन्हा पहिल्यापासून. "माझ्या बरणीवर माशी बसली तरी घसरून पडेल," असं त्या म्हणायच्या. साबणाचा कण राहिला तरी पिसू मरते, हे त्यांना पाठ होतं. पिसूबाई शिकल्यासवरल्या असतील, पण पिसवांचा जीव खरा मावशींच्या बोटांवर होता, आणि दोघींनाही ते माहीत होतं.

मावशींचे यजमान केंद्राच्या खालच्या अंगाला माशांची पिल्लं वाढवायचे. चार लहान तळी होती त्यांची. सगळे त्यांना तळ्यावरचे काका म्हणत. रोज दुपारी ते सायकलवरून मावशींचा डबा घेऊन यायचे आणि दारातूनच ओरडायचे, "काय म्हणतायत तुमच्या पिसवा?" जास्तीच्या झालेल्या पिसवा पिसूबाई त्यांना पिशवीत भरून द्यायच्या, कारण माशांच्या पिल्लांना त्याहून आवडता खाऊ नाही. कधी कधी काका माझ्यासमोर वाकून उभे राहत आणि बाईंसारखीच टिचकी मारून बघत. "सगळ्या जाग्या आहेत!" असं म्हणून लहान मुलासारखे खूश होत. मित्रांनो, माझे ते दिवस फार चांगले होते. ते चांगले आहेत हे तेव्हा मला कळलं नाही, एवढंच.

मग केंद्रात ओझोनचं नवं युनिट आलं. ओझोन हा तिखट वासाचा वायू. तो पाण्यात सोडला की औषधांचे तुकडे तुकडे होतात. केंद्राचे साहेब त्या युनिटवर भारी खूश होते. सारखं मनगटावरचं घड्याळ बघायची त्यांना सवय होती, म्हणून आम्ही बरण्या आपसात त्यांना घड्याळसाहेब म्हणायचो. त्यांनी ठरवलं, की आता हे पाणी दूरच्या नाल्यात फुकट घालवायचं नाही. खालच्या कालव्यात सोडायचं. तो कालवा काकांच्या तळ्यांवरून जात होता. त्या वर्षी कालवा कोरडा पडला होता आणि तळी आटत चालली होती. काका रोज डबा दिला की विचारायचे, "कधी सोडताय पाणी?"

पाणी सोडण्याआधी त्याच्या बाटल्या शहरातल्या मोठ्या प्रयोगशाळेत गेल्या. तिथल्या यंत्राला बारा औषधांची यादी दिली होती. अहवाल आला, बारापैकी एकही सापडलं नाही. साहेबांनी पेढे वाटायचेच तेवढे बाकी ठेवले. पण नियमाप्रमाणे पिसवांची चाचणीही व्हायला हवी होती. मंगळवारी सकाळी ती लावायची, गुरुवारी सकाळी बघायची आणि गुरुवारी दुपारी कालव्याकडची झडप उघडायची, असं ठरलं.

त्या आठवड्यात मावशींवर कामाचा ढीग पडला. नव्या युनिटच्या तपासण्यांमुळे रोज दुप्पट बरण्या. गार पाण्यात हात राहून राहून त्यांच्या बोटांचे सांधे सुजले. हातमोजे बोटांवर चढेनात. ब्रश धरला की डोळ्यांत पाणी यायचं. मग त्यांनी दुकानातून सांधेदुखीचं मलम आणलं आणि मंगळवारी सकाळी घरून निघताना चांगलं चोळून लावलं. बोटं मोकळी झाली म्हणून त्या खुशीत होत्या. त्यांनी मला ब्रशने घासलं, आम्लातून काढलं, सात वेळा खंगाळलं. एवढ्या पाण्याने हातावरचं मलम गेलं असेलच, असं त्यांनाही वाटलं असणार. मग मला खिडकीशी धरलं, आणि पकड सुटू नये म्हणून अंगठा माझ्या काठाच्या आत टेकवला.

मला ते कळलं. अंगठ्याएवढा एक चिकट ठसा माझ्या आतल्या अंगाला लागला. तो इतका पातळ होता, की उजेडातही दिसला नाही. मी ओरडू शकले असते तर ओरडले असते. मावशींनी मला कौतुकाने टेबलावर ठेवलं.

गुरुवारी पिसूबाई लवकर आल्या. आधी त्यांनी नव्या युनिटच्या पाण्याची बरणी घेतली. टिचकी मारली, पंधरा अंक मोजले. वीसपैकी अकरा पिल्लं तळाशी गप्प पडली होती. त्यांचा चेहरा उतरला. यंत्राला औषध सापडलं नव्हतं हे खरं, पण औषधाचे जे तुकडे झाले होते त्यांचं काय? ते यंत्राच्या यादीतच नव्हते. बाईंना हे तिथल्या तिथे उमगलं, मी त्यांच्या डोळ्यांत पाहिलं. मग त्यांनी मला समोर ओढलं. माझ्या पाण्यावर डोळ्याला दिसेल न दिसेल असा तवंग धरला होता, आणि पाच पिल्लं त्याला चिकटून वरच राहिली होती. टिचकी मारली तरी हलली नाहीत.

तेवढ्यात साहेब आले. त्यांनी दोन्ही आकडे ऐकले आणि घड्याळात पाहिलं. "मॅडम, म्हणजे तुमच्या साध्या पाण्यातही मरतायत. मग दोष आमच्या पाण्याचा कसा?"

"चाचणी रद्द झाली साहेब," पिसूबाई म्हणाल्या. "रद्द म्हणजे पाणी पास नव्हे. काही कळलं नाही, एवढाच त्याचा अर्थ. मी पुन्हा लावते. दोन दिवस द्या."

"यंत्राने बारा औषधं तपासलीत, एक सापडलं नाही. आणि तुम्ही एका बरणीपायी अडून बसणार? नीट धुतली नसेल."

दारात मावशी उभ्या होत्या. त्यांना ते लागलं. "सात वेळा धुतलीये मी साहेब. माझ्या हाताने." मग त्या बाईंकडे वळल्या आणि आवाज खाली आणून म्हणाल्या, "बाई, एक बोलू? यांच्या तळ्यात घोट्याएवढं पाणी उरलंय. पिल्लं वर येऊन तोंडं उघडतायत. दोन दिवस कुठली निघतायत ती? यंत्र चांगलं म्हणतंय ना? मग सोडा ना पाणी."

पिसूबाईंनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. मला एवढंच सांगायचं होतं, की बाई, माझ्यावर जाऊ नका, शेजारणीचं ऐका, ती खरं बोलतेय. पण साक्षीदारच खोटा ठरला, तर बाकीच्यांना कोण विचारतो? पिसूबाईंनी पाणी सोडायच्या परवानगीचा कागद पुढे ओढला आणि सही केली. माझ्यावर मात्र काचेची चकती झाकली, 'धुवू नये' अशी चिठ्ठी लावली आणि मला कपाटात ठेवून दिलं. दुपारी झडप उघडल्याचा घरघराट मी कपाटातूनच ऐकला. मावशी टाळ्या वाजवत होत्या.

सातव्या दिवशी काका नेहमीपेक्षा उशिरा आले, पण दारातून ओरडले नाहीत. त्यांची पँट गुडघ्यापर्यंत भिजलेली होती. त्यांनी डबा टेबलावर ठेवला. "आज उशीर केलात," असं म्हणत मावशींनी झाकण उघडलं. डब्यात जेवण नव्हतं. माशांची पिल्लं होती, पांढरी पडलेली, एकावर एक.

"चारही तळ्यांत हेच आहे," काका म्हणाले. "आधी खायची बंद झाली. मला वाटलं, नवं पाणी आहे, सवय नसेल. बाई, तुम्ही बघाल का जरा? माझं काही चुकलं का?"

माझं काही चुकलं का, असं त्यांनी विचारलं, मित्रांनो.

झडप त्याच दुपारी बंद झाली. चाचणी पुन्हा लागली, या वेळी दुसरी बरणी साक्षीला ठेवून. तिच्यातली वीसच्या वीस पिल्लं जगली आणि नव्या पाण्यातली तेरा गेली. आता शंकेला जागा नव्हती. मग पिसूबाईंनी मला कपाटातून काढलं. दिव्याखाली धरलं. काठाच्या आत अंगठ्याचा ठसा होता, त्यावर हिरवट-जांभळी झाक. त्यांनी चकती उचलली आणि वास घेतला. एकदम थबकल्या. शेजारीच मावशी बरण्या पुसत होत्या, आणि त्यांच्या हातांना तोच वास येत होता. मला खाली ठेवून पिसूबाई फडका आणायला म्हणून बाहेर निघून गेल्या.

मावशींनी मात्र पाहिलं होतं. त्यांनी मला उचललं, नाकाशी नेलं. मग आपला अंगठा त्या ठशावर ठेवून पाहिला. तो बरोबर बसला.

पुढे ओझोनच्या मागे कोळशाचा जाड थर बसवला. औषधाचे जे तुकडे सुटून येत ते त्या कोळशाने धरून ठेवले. बारा वेळा चाचणी झाली, बाराही वेळा पिल्लं जगली, तेव्हा कुठे झडप पुन्हा उघडली. साहेबांची बदली झाली होती. पाणी खरोखर चांगलं आलं. पण तोवर वर्ष उलटलं होतं आणि काका दुसऱ्याच्या तळ्यावर कामाला जाऊ लागले होते. स्वतःच्या तळ्यांत त्यांनी पुन्हा पिल्लं सोडली नाहीत. डबाही ते आणत नसत, मावशी सकाळीच सोबत घेऊन येत. जास्तीच्या पिसवा मोरीत ओतून देताना पिसूबाई तोंड फिरवून घ्यायच्या.

मावशींनी त्या दिवसापासून बोटांना मलम लावलं नाही. कुणी सांगितलं नव्हतं. त्यांनी आपली आपणच शिक्षा ठरवली होती. बोटं वाकडी होत गेली. दोन वर्षांनी एका सकाळी सातव्यांदा खंगाळून झाल्यावर मी त्यांच्या हातातून निसटले आणि माझ्या काठाचा टवका उडाला. मावशी तिथेच मोरीपाशी बसून रडल्या. एका बरणीसाठी कोण इतकं रडतं? मला माहीत होतं त्या कशासाठी रडत होत्या.

पिसूबाई धावत आल्या. त्यांनी मावशींचे हात हातात घेतले. "हे काय करून घेतलंत मावशी? मलम लावा ना. इथे हवे तर मोठे हातमोजे मागवते."

"नको बाई. या हातांना आता काही नको."

"सही मी केली होती मावशी," पिसूबाई म्हणाल्या.

टवका उडालेल्या बरणीला चाचणीत जागा नसते, फटीत घाण राहते. मावशींनी मला मागून घेतलं आणि पदराखाली धरून घरी नेलं. स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवलं. संध्याकाळी काका आले, त्यांनी मला बुडबुड्यावरून ओळखलं. "अगं, ही साक्षीची ना? ही इथे कशी?"

तेव्हा मावशींनी सगळं सांगितलं. मलम, अंगठा, पाच पिल्लं, आणि झडप उघडा म्हणून आपणच कशा विनवत होतो ते. दोन वर्षं हे पोटात ठेवलं होतं त्यांनी. काका ऐकत राहिले. मी त्यांच्या ओरडण्याची वाट बघत होते. ते एवढंच म्हणाले, "पाणी रोज कोण मागत होतं? मीच ना?" मग थोड्या वेळाने, "मलम कुठे ठेवलंस?"

मावशींनी फडताळातून ती जुनी नळी काढून दिली. काकांनी ती चष्म्याजवळ नेली. "याची तारीख उलटून गेली की," म्हणाले आणि उरलेलं मलम पिळून टाकायला मोरीकडे वळले.

"तिथे नको!" मावशी अशा ओरडल्या, की काका दचकलेच. मावशींनी त्यांच्या हातातून नळी घेतली, घरात सगळीकडे नजर फिरवली आणि ती माझ्यात टाकली.

आयुष्यभर ज्या बरणीत औषधाचा कणही पडू नये म्हणून सात वेळा धुतलं जायचं, त्या माझ्यात कुणी जाणूनबुजून टाकलेलं ते पहिलं औषध. मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? पण त्यानंतर मी रिकामी राहिले नाही. उरलेल्या गोळ्या, अर्ध्या बाटल्या, तारीख गेलेली पाकिटं, सगळं माझ्यात जमा होतं. शेजारणीही आणून टाकतात. मी भरले की काका मला सायकलच्या पिशवीत घालून औषधाच्या दुकानात नेतात, तिथे अशा औषधांची वेगळी पेटी आहे. सकाळी ते नव्या नळीतलं मलम मावशींच्या एकेका बोटाला लावून देतात. मग दोघं आधी फडक्याने हात नीट पुसतात, आणि मगच पाण्याखाली धरतात.

मित्रांनो, तुम्हीही एवढं कराल का? नको असलेलं औषध मोरीत, संडासात ओतू नका. मलम लावलेले हात आधी पुसा, मग धुवा. आणि कुणी म्हणालं की थांबा, पुन्हा एकदा बघू या, तर त्याला दोन दिवस द्या. दोनच दिवस मागितले होते बाईंनी.

माझ्या बुडाशी तो बुडबुडा अजून आहे. मला रिकामी करून, फडक्याने पुसून खिडकीत ठेवलं की सकाळच्या उन्हात तो चमकतो. मग काका येतात, वाकतात आणि जुन्या सवयीने मला हलकीच टिचकी मारतात. मी मनात पंधरा अंक मोजते. काका वाट बघत उभे असतात.